दूध कमी आहे की कमी वाटतंय?

बाळंतपणानंतरची चौथी रात्र. बाळ तासाभरात तिसऱ्यांदा रडतं आणि कुणीतरी म्हणतं, "अगं, पुरत नाहीये त्याला. थोडं वरचं पाजून बघ." निव्वळ अंगावरचं दूध सुटतं ते बहुतेक वेळा इथे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये देशातली सहा महिन्यांखालची ६३.७ टक्केच बाळं फक्त आईच्या दुधावर होती.

दूध कमी वाटायला कारणं पुष्कळ. छाती आधीसारखी भरलेली लागत नाही, पंपाने जेमतेम दोन चमचे निघतात, संध्याकाळी बाळ सारखं अंगावर मागतं, बाटली दिली की गटागटा संपवतं. यातलं काहीच पुरावा नाही. काही आठवड्यांनी छाती मऊ पडतेच, आणि बाळ ओढतं तेवढं पंप ओढत नाही. बाटलीतलं तर आपसूक तोंडात येतं.

खरं उत्तर लंगोट देतं. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा फिकट शू होते का, ते मोजा. डायपरमध्ये हा हिशेब चुकतो, म्हणून दोन दिवस सुती लंगोटच बांधा. दुसरी खूण वजनाची. सुरुवातीला ते थोडं उतरतं, साधारण दोन आठवड्यांत जन्माइतकं भरतं आणि मग रोज २० ते ३० ग्रॅम वाढतं.

शू कमी, वजन अडलेलं आणि बाळ सुस्त असेल, तर दूध खरंच पोटात जात नाहीये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. अनेकदा बाळ नुसतं स्तनाग्र चोखत असतं. भोवतालचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे. थायरॉइड, प्रसूतीत झालेला मोठा रक्तस्राव, आत राहिलेला वारेचा तुकडा, स्तनांची जुनी शस्त्रक्रिया ही कारणं कमी दिसतात, पण खरी असतात. अशा आईला "मन लावून पाज" म्हणणं क्रूर आहे.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती 'वाटण्या'चं 'असण्या'त रूपांतर होण्याची. वरचं पाजलं की बाळ जास्त वेळ झोपतं, अंगावर कमी ओढतं, आणि जेवढं कमी ओढलं जातं तेवढं दूध कमी तयार होतं. आठवडाभरात दूध खरोखरच आटायला लागतं. आळिवाची खीर बाळंतिणीला जरूर द्या, तिला ताकद हवीच. पण पान्हा फुटतो तो बाळाच्या ओढण्याने. रात्रीचं पाजणं म्हणूनच चुकवायचं नाही.

डॉक्टरांनी वरचं द्यायला सांगितलंच, तर आधी दोन्ही बाजूंना पाजा आणि मग सांगितलं तेवढंच वाटी-चमच्याने द्या.