काडतूस-विक्री नियमन, कॅलिफोर्निया

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात बंदुकीच्या काडतुसांची विक्री परवानाधारक विक्रेत्यामार्फत, समोरासमोर आणि खरेदीदाराची पात्रता तपासूनच व्हावी, असे बंधन घालणारी कायदेशीर व्यवस्था. आंतरजालावरील खरेदीवर तिचा परिणाम विशेष झाला.

या व्यवस्थेचा उगम सामान्यतः नोव्हेंबर २०१६ च्या सार्वमतात संमत झालेल्या प्रस्ताव ६३ मध्ये दाखवला जातो. तथापि तो पूर्णतः ग्राह्य धरता येत नाही. प्रस्तावात चार वर्षे मुदतीच्या खरेदी-परवान्याची कल्पना होती, तर राज्य विधिमंडळाने त्याच वर्षी, सार्वमतापूर्वी, संमत केलेल्या सिनेट विधेयक १२३५ ने, प्रस्ताव मंजूर झाल्यास त्यात आपोआप बदल होईल अशी तरतूद आधीच करून ठेवून, परवान्याऐवजी प्रत्येक खरेदीच्या वेळी तपासणीची पद्धत आणली. आज अमलात असलेली पद्धत ही विधेयकाची आहे, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. त्यामागची संघीय पार्श्वभूमी अशी, की १९६८ च्या गन कंट्रोल कायद्याने काडतुसांच्या आंतरराज्य टपालविक्रीवर घातलेले निर्बंध १९८६ च्या कायद्याने बहुतांशी उठवले आणि पुढे संकेतस्थळांवरील घरपोच विक्रीला वाट मोकळी झाली.

१ जानेवारी २०१८ पासून परराज्यातून मागवलेला माल स्थानिक परवानाधारकाकडे उतरवणे, तर १ जुलै २०१९ पासून पात्रता-तपासणी सक्तीची झाली. राज्याच्या शस्त्रनोंदीत आधीच नाव असलेल्यांसाठी तपासणी-शुल्क सुरुवातीस १ डॉलर होते, ते पुढे ५ डॉलर झाले. नोंद नसलेल्यांच्या सविस्तर तपासणीचे शुल्क १९ डॉलर होते. शिवाय माल हाताळणाऱ्या दुकानदाराचे शुल्क वेगळे. ही शुल्के काडतुसांच्या संख्येवर नसून व्यवहारावर असल्याने एखाद-दुसऱ्या डबीची खरेदी प्रमाणाबाहेर महाग पडते आणि एकगठ्ठा खरेदीत तोच भार विरून जातो. संकेतस्थळावरील छापील दर आणि खरेदीदाराचा प्रत्यक्ष खर्च यांत म्हणूनच भेद करावा लागतो. २०२० नंतरची दरवाढ काही लेखक या नियमांच्या माथी मारतात. परंतु नियम नसलेल्या राज्यांतही त्या काळी टंचाई होती, त्यामुळे महासाथीतील वाढती मागणी हे कारण अधिक पटते. १ जुलै २०२४ पासून राज्याने किरकोळ विक्रीवर ११ टक्के अबकारी कर बसवला. उत्पादक व आयातदारांवरील संघीय कर याहून निराळा असून त्याचे उत्पन्न १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यान्वये वन्यजीव-संवर्धनाकडे जाते.

ऑलिंपिक नेमबाज किम रोड व इतरांनी या व्यवस्थेला न्यायालयात आव्हान दिले. तपासणीच्या पहिल्या काही महिन्यांत साधारण (म्हणजे शस्त्रनोंदीशी पडताळून होणाऱ्या) तपासणीतील सुमारे १६ टक्के अर्ज फेटाळले गेले, मुख्यतः नाव-पत्ता नोंदीशी न जुळल्याने, ही बाब तेथे महत्त्वाची ठरली. संघीय जिल्हा न्यायाधीश रॉजर बेनिटेझ यांनी २०२० व २०२४ मध्ये कायद्याच्या अंमलबजावणीस मनाई केली. दोन्ही वेळा नवव्या मंडल (सर्किट) संघीय अपील न्यायालयाने तिला स्थगिती दिली. जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या त्रिसदस्य पीठाने २ विरुद्ध १ मतांनी तपासणी घटनाबाह्य ठरवली, मात्र निर्णय तत्काळ अमलात आला नाही.

न्यूयॉर्क राज्यात अशी तपासणी १३ सप्टेंबर २०२३ पासून सुरू झाली. तेथील शुल्क प्रारंभी अडीच डॉलर होते.