उंदीरवाले आणि मलेरियावाले: जुन्या मुंबईतली दोन वेगळी कामं

दोन महायुद्धांमधल्या मुंबईबद्दल लिहिताना पालिकेची उंदीर मारण्याची मोहीम आणि मलेरियाविरुद्धचं काम सर्रास 'साफसफाई' म्हणून एकत्र गुंडाळलं जातं. ही गल्लत मला खटकते. पहिल्या कामात घाणीशी झुंज होती, दुसऱ्यात बहुतेक वेळा स्वच्छ पाण्याशी.

प्लेग १८९६ मध्ये आधी दिसला तो मांडवीत, धान्याच्या वखारींच्या वस्तीत. उंदरांवरच्या पिसवांमधून तो माणसाला होतो हे पक्कं झाल्यावर पिंजऱ्यांचं महत्त्व वाढलं. पकडलेल्या उंदराला ठिकाणाची चिठ्ठी लावून परळच्या प्रयोगशाळेत पाठवायचे (१९२५ पासून तीच हाफकिन संस्था). तिथे उंदीर फाडून तपासला जाई. उंदरांमध्ये मर आधी लागते, माणसं साधारण दोन आठवड्यांनी आजारी पडतात. म्हणजे त्या चिठ्ठीवरून कोणत्या गल्लीत धोका आहे ते वेळेवर कळू शकत होतं. उंदीर मारण्याइतकीच ही पाळतही मोलाची. शिवाय मेलेला उंदीर थंड पडला की पिसवा त्याला सोडून दुसरं अंग शोधतात, त्यामुळे तो तसाच पडू देणं घातक.

मलेरियाचं गणित निराळं. मुंबईत तो पसरवणारा मुख्य डास म्हणजे अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी. मलेरियाचे अभ्यासक बेंटली यांनी १९११ च्या अहवालात विहिरींकडे बोट दाखवलं, आणि दुसरे अभ्यासक कोव्हेल यांनी १९२८ मध्ये शहराची पुन्हा पाहणी केली. वाड्यातली विहीर, गच्चीवरची टाकी, गिरणीचा हौद अशी स्वच्छ पाण्याची ठिकाणं ही या डासाची घरं. तुंबलेल्या गटारात वाढतो तो क्युलेक्स हा दुसरा डास. त्याच्यामुळे हत्तीरोग होतो, मलेरिया नाही. डावभर पाणी काढून बघितलं तरी फरक दिसतो: अ‍ॅनोफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला लागून आडवी पडलेली असते, क्युलेक्सची डोकं खाली करून तिरकी लोंबते.

म्हणून कचरा कितीही उचलला तरी मलेरिया हटत नव्हता. विहिरी बुजवा किंवा घट्ट झाका म्हटलं की पारशी आणि हिंदू कुटुंबांच्या श्रद्धेला धक्का बसायचा, आणि तो विरोध पोकळ नव्हता. धर्मकार्याला विहिरीचंच पाणी लागे. चर्चगेटजवळची १७२५ ची भिखा बेहराम विहीर आजही आहे. जिथे विहीर बुजली तिथे नळाचं पाणी साठवायला गच्चीवर टाकी होतीच. तिच्या झाकणाला फट राहिली की तोच डास तिथे अंडी घालायचा.