मत्स्यसाठ्याचे मूल्यमापन आणि मच्छीमारांचे ज्ञान

एखाद्या जलाशयात, नदीत किंवा समुद्रात कोणत्या जातीचे मासे किती आहेत आणि त्यांतील किती पकडले तरी साठा टिकून राहील, हे ठरवताना शास्त्रीय नमुन्यांच्या जोडीने मच्छीमारांची निरीक्षणे पद्धतशीर नोंदवणे व निर्णयात त्यांना सामील करून घेणे, अशी ही कार्यपद्धती आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९५ च्या जबाबदार मासेमारीविषयक आचारसंहितेत पारंपरिक ज्ञानाची दखल घेण्यास सांगितले आहे. त्याआधीच कॅनडात न्यूफाउंडलंडचे किनारी मच्छीमार १९८० च्या दशकात कॉड हा खाण्याचा समुद्री मासा घटत असल्याचे सांगत होते. मूल्यमापनाची भिस्त मात्र मोठ्या ट्रॉलरांच्या (जाळे ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटींच्या) पकडीवर होती, आणि ट्रॉलर उरलेले थवे हुडकून काढत असल्याने त्यांची पकड टिकून दिसत होती. अखेर १९९२ मध्ये तेथील कॉडची मासेमारी बंद करावी लागली.

नाशिक जिल्ह्यात या विषयाचे स्वरूप वेगळे आहे. गंगापूर, दारणा, गिरणा यांसारख्या जलाशयांत कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडली जाते, कारण हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा प्रजनन करत नाहीत. सोडलेल्या बोटुकलीपैकी किती जगली, हे कागदावरील आकड्यांवरून कळत नाही. काही महिन्यांनी जाळ्यात कोणत्या मापाची मासळी येते आणि शिवडा, मरळ यांसारख्या शिकारी माशांचे प्रमाण किती आहे, यावरून मच्छीमार त्याचा अंदाज बांधतो. पहिल्या पुरात चढणीचे मासे कोणत्या ओढ्याने वर जातात, गाभोळी भरलेली मादी केव्हा सापडू लागते आणि आवर्तन (सिंचनासाठी धरणातून सोडलेले पाणी) सुटून पाणी उतरले की मासे कोणत्या डोहात गोळा होतात, हेही त्याला ठाऊक असते. वर्षभरात मोजक्याच वेळा नमुने घेणाऱ्या पाहणीत या गोष्टी क्वचितच सापडतात.

सर्वांत मोलाची माहिती मासे पकडण्यासाठी कराव्या लागणाऱ्या प्रयत्नांविषयीची असते. आज पूर्वीइतकेच किलो मासे मिळत असतील, पण त्यासाठी जाळी दुप्पट लावावी लागत असतील आणि जाळ्याचा आस (छिद्राचे माप) बारीक करावा लागला असेल, तर साठा खालावलेला असतो. केवळ वजन नोंदवणाऱ्या वहीत तो जसाच्या तसा दिसतो.

या ज्ञानाला मर्यादाही आहेत. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले, की प्रत्येक पिढी आपल्या उमेदीच्या काळातील साठाच मूळचा मानते आणि त्यामुळे दीर्घकाळाची घट नजरेआड होते. म्हणून वृद्ध व तरुण मच्छीमारांच्या मुलाखती स्वतंत्रपणे घेऊन पकडीच्या नोंदींशी ताडून पाहाव्या लागतात. बाजारात मासळी विकणाऱ्या स्त्रियांना सहसा कोणी विचारत नाही, ही उणीव गंभीर आहे. कोणत्या जाती टोपलीतून नाहीशा झाल्या, हे त्यांच्या रोजच्या नजरेत असते. माहिती खरी मिळावी यासाठी विश्वासही लागतो: सांगितलेल्या पकडीवरूनच आपल्यावर बंधने येतील अशी शंका असल्यास माणूस आकडा कमी सांगतो. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरसारख्या संरक्षित पाणथळीत, जेथे पक्षी आणि मासेमारी यांचे नियम एकाच पाण्याला लागू होतात, तेथे नियम ठरवणाऱ्या बैठकीत मच्छीमारांना जागा असेल, तरच अशा नोंदी भरवशाच्या होतात.