किशोरवयीन सेक्स्टिंग : शाळेची कार्यपद्धती

स्वतःची किंवा दुसऱ्याची नग्न, अर्धनग्न छायाचित्रे, चित्रफिती अथवा लैंगिक मजकूर मोबाइलवरून पाठवणे म्हणजे सेक्स्टिंग. कॅमेऱ्याचे मोबाइल सर्रास झाल्यावर, साधारणतः २००५ नंतर, अभ्यासकांचे याकडे लक्ष गेले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३९ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात १८ वर्षांखालील १४.८ टक्के मुलांनी असे काही पाठवल्याचे, तर १२ टक्क्यांनी दुसऱ्याचे परवानगीविना पुढे धाडल्याचे आढळले. यातले बहुतेक अभ्यास अमेरिका व युरोपातले असल्याने हे आकडे भारताला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

सगळे सेक्स्टिंग एकाच मापाने मोजावे का, यावर मतभेद आहेत. सरसकट मनाई व शिक्षा हा एक पक्ष. वोलॅक व फिंकेलहॉर या अमेरिकी संशोधकांनी २०११ मध्ये समवयस्कांमधील कुतूहलापोटीचे प्रकार आणि धमकी, सूड किंवा प्रौढाचा सहभाग असलेले प्रकार वेगळे काढले. शाळेच्या कामाला हीच विभागणी अधिक उपयोगी पडते.

भारतीय कायद्यात मात्र ही विभागणी दिसत नाही. पोक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांच्या संरक्षणाच्या, कायद्यानुसार (२०१२) १८ वर्षांखालील व्यक्ती बालक असून तिची संमती ग्राह्य नाही; २०१९ च्या दुरुस्तीने खऱ्या मुलासारखे भासणारे संगणकनिर्मित चित्रही कक्षेत आले. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ब अशी सामग्री प्रसारित करण्याबरोबरच पाहणे व डाउनलोड करणेही गुन्हा ठरवते. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे गुन्ह्याची माहिती मिळालेल्याने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. बालकाला ही शिक्षा लागू नाही. ‘घरातलं घरात मिटवू’ हा मार्ग म्हणूनच मुख्याध्यापकांना मोकळा नाही.

घोळ बहुधा प्रकार कळल्यावर पहिल्या तासाभरातच होतो. खात्री करण्यासाठी शिक्षक चित्र उघडतात, स्क्रीनशॉट घेतात आणि कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकतात. हेतू चांगला असला तरी तेही प्रसारणच. चित्र पाहू नये, त्याची प्रत काढू नये. कोणी, कधी, कोणत्या अॅपवरून, कोणत्या खात्यावरून पाठवले आणि ते कोणाकोणाकडे गेले, एवढे मुलाच्याच शब्दांत, वेळेसह लिहून ठेवावे. मुलाने फोन स्वतःहून दिला तर एअरप्लेन मोडवर टाकून पाकिटात बंद करावा आणि पाकिटावर तारीख, वेळ लिहून मुलाची व फोन घेणाऱ्याची सही घ्यावी. ‘आधी डिलीट कर’ असे सांगितल्याने पुरावा जातो, चित्र मात्र उरते: व्हॉट्सअॅपवर आलेली चित्रे बऱ्याचदा आपोआप गॅलरीत आणि तिथून क्लाउड बॅकअपमध्ये गेलेली असतात.

चित्र काढून टाकण्यासाठी ‘टेक इट डाउन’ ही विनामूल्य सेवा आहे. ती चित्राचा सांकेतिक ठसा मुलाच्याच फोनवर तयार करते, मूळ चित्र कुठेही अपलोड होत नाही; सहभागी मंच त्या ठशावरून चित्र ओळखून काढतात. सहभागी नसलेल्या मंचांवर व एन्क्रिप्टेड संदेशांत तिचा उपयोग होत नाही. चित्र कापले वा बदलले तर ठसाही बदलतो. १०९८ ही बालकांसाठीची आणि १९३० ही सायबर आर्थिक फसवणुकीची मदतवाहिनी. पैशांसाठी धमकावले जात असेल तर दोन्हीकडे कळवावे.

मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, गणवेशात नसलेल्या पोलीस अधिकाऱ्याने घ्यायचा असतो; शाळेत सर्वांदेखत नाही. नाव फुटता कामा नये. जिचे चित्र पसरले तिला दाखला देऊन घरी बसवणे हा सर्वांत घातक ‘तोडगा’ आहे. पुढे धाडणाऱ्यांशी एकेकट्याने, पालकांसमक्ष बोलावे.