विधानसभेचा उमेदवारी अर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज का बाद होतो

आमदाराने किती वेळा निवडून यावे, याला आपल्याकडे कायद्याची मर्यादा नाही. सांगोल्यातून गणपतराव देशमुख ११ वेळा निवडून आले. मात्र कितव्यांदाही उभे राहा, अर्ज नव्यानेच भरावा लागतो आणि छाननीत जुन्या-नव्यांना नियम एकच.

छाननीच्या दिवशी वयाची २५ वर्षे पूर्ण हवीत. नाव राज्यातल्या कुठल्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत चालते. दुसऱ्या मतदारसंघात असेल तर त्या नोंदीची प्रमाणित प्रत जोडा. सूचक (तुमचे नाव सुचवून अर्जावर सही करणारे) मात्र जिथून लढताय तिथलेच मतदार लागतात. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा. त्यांच्या सह्या खात्रीच्या घ्या. २०२४ मध्ये सुरत लोकसभेच्या एका उमेदवाराचा अर्ज सूचकांनी ‘या सह्या आमच्या नाहीत’ म्हटल्यामुळे बाद झाला होता.

अर्ज नमुना २ब मध्ये, सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेत द्यायचा. अनामत १०,००० रुपये. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००, खुल्या जागेवरही. एका मतदारसंघात चार अर्जांपर्यंत भरता येतात, अनामत एकदाच. एका अर्जात चूक निघाली तर दुसरा वाचवतो, म्हणून किमान दोन भराच. पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे तुम्ही त्याचे अधिकृत उमेदवार असल्याचे पत्र, शेवटच्या दिवशी ३ वाजेपर्यंत पोचलाच पाहिजे, तोही शाईच्या मूळ सहीचा. झेरॉक्स किंवा सहीचा शिक्का चालत नाही. खर्चासाठीचे स्वतंत्र बँक खाते अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडा.

सर्वांत जास्त वेळ नमुना २६ च्या शपथपत्राला द्या. त्यात गुन्हे, स्वतःची, जोडीदाराची व अवलंबितांची मालमत्ता, कर्जे, थकबाकी आणि पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणपत्रांतले उत्पन्न लिहायचे असते. एकही रकाना कोरा ठेवू नका किंवा नुसती रेघ मारू नका. लिहिण्यासारखे काही नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. कोऱ्या रकान्याबद्दल निवडणूक निर्णय अधिकारी नोटीस देतात. छाननीपर्यंत दुरुस्त शपथपत्र आले नाही तर अर्ज फेटाळला जातो. शपथपत्र नोटरी किंवा प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यासमोर केलेले हवे.

अर्ज दिला की लगेच तिथेच उमेदवाराची शपथ (राज्यघटनेशी निष्ठेची; ही शपथपत्राहून वेगळी) घ्या. ती छाननीच्या आदल्या दिवसापर्यंतच घेता येते. छाननीच्या सकाळी धावत येऊन घेतलेली शपथ ग्राह्य धरत नाहीत, आणि बाकी सगळे कागद चोख असले तरी अर्ज बाद होतो.