टोल बायपासचा धाक: ऑफिसचा फोन इंटरनेटवर यायला एवढा उशीर का झाला?

ऑक्टोबर २०२४ मध्ये झूम कंपनीने भारतात आपली फोनसेवा सुरू केली, आणि पहिलं शहर निवडलं पुणे. सेवा अशी की कंपनीला पुण्याचा रीतसर टेलिफोन नंबर मिळतो, पण त्यामागे ना तांब्याची तार असते, ना कोपऱ्यातला ईपीएबीएक्सचा, म्हणजे ऑफिसच्या अंतर्गत एक्सचेंजचा, डबा. ज्या ॲपवर मीटिंग चालते त्याच ॲपवर बाहेरच्या ग्राहकाचा फोन वाजतो. लॅपटॉपवर उचला नाहीतर मोबाइलवर. अमेरिकेत ही सेवा जानेवारी २०१९ पासून विकली जात होती. इथे मात्र झूमला आधी दूरसंचार परवाना काढावा लागला आणि तो २०२३ मध्ये हाती आला.

फोन, चॅट, व्हिडिओ मीटिंग, व्हॉइसमेल, फाइलींची देवाणघेवाण हे सगळं एकाच यंत्रणेत आणायचं, याला आयटीवाले ‘युनिफाइड कम्युनिकेशन्स’ किंवा नुसतं ‘यूसी’ म्हणतात. पुण्या-बंगळुरूच्या कंपन्या परदेशी ग्राहकांना ही यंत्रणा कित्येक वर्षं बसवून देत आहेत. त्यांच्या स्वतःच्या ऑफिसात मात्र फोन एकीकडे आणि नेटवर्क दुसरीकडे, असाच कारभार होता. तंत्रज्ञान नव्हतं किंवा पैसा नव्हता, अशातला भाग नाही. आडवा आला तो कायदा, आणि त्या कायद्यामागचं एसटीडीच्या, म्हणजे परगावच्या कॉलच्या, पैशांचं गणित.

मुंबईत टेलिफोन एक्सचेंज आलं १८८२ मध्ये, खासगी कंपनीच्या हातून. तीनच वर्षांनी, १८८५ मध्ये, इंडियन टेलिग्राफ ॲक्ट झाला. त्याच्या चौथ्या कलमाने तारेवरून संदेश पाठवण्याचा एकमेव हक्क सरकारकडे ठेवला; बाकी कुणाला काही करायचं असेल तर परवाना घ्या. पुढची सव्वाशेहून अधिक वर्षं ऑफिसातल्या प्रत्येक फोनवर या कलमाची सावली होती.

त्या काळी परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल. तो बुक करताना ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचं. लाइटनिंगचे पैसे ऑर्डिनरीच्या आठपट. विशिष्ट माणूसच लाइनवर हवा असेल तर ‘पीपी’ कॉल, त्याचे वेगळे. १९६० मध्ये कानपूर-लखनौ दरम्यान एसटीडी सुरू झाली आणि ऑपरेटरची मध्यस्थी हळूहळू संपत गेली. दर मात्र चढेच राहिले, आणि ते मुद्दाम. लांबच्या कॉलवर मिळणाऱ्या पैशातून दूरसंचार खातं लोकल कॉल आणि घरगुती फोन स्वस्त ठेवत असे. म्हणजे कंपन्यांचं एसटीडी बिल हा सगळ्या व्यवस्थेचा खांब होता. तो कुणी पोखरू नये, एवढीच पुढच्या अनेक नियमांमागची प्रेरणा होती.

१९८४ मध्ये सी-डॉट स्थापन झाली, तिच्या तंत्रज्ञानावर देशी बनावटीचे ईपीएबीएक्स येऊ लागले आणि मध्यम आकाराच्या ऑफिसांतही एक्स्टेंशन दिसायला लागली. बोर्डावरच्या ऑपरेटरबाईंना सगळ्या ऑफिसची खबर असे. शून्य दाबून लाइन घ्यायची सोय साहेबांना, बाकीच्यांच्या फोनला एसटीडी लॉक. आज ज्याला ‘ॲक्सेस पॉलिसी’ असं भारदस्त नाव आहे, ते काम तेव्हा चार आकडी कोड करायचा. आणि तो कोड आठवड्याभरात सगळ्यांना पाठ झालेला असायचा.

नव्वदच्या दशकात चित्र बदलू लागलं. मुंबईत नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने नोव्हेंबर १९९४ मध्ये शेअर-व्यवहार सुरू केले ते व्हीसॅटच्या, म्हणजे छोट्या डिशने उपग्रहाशी जोडणाऱ्या, जाळ्यावर. दलाल गावोगावी छतावर डिश लावून थेट बाजाराला जोडले गेले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्याच वर्षी व्होकलटेक या इस्रायली कंपनीने इंटरनेटवरून बोलण्याचं सॉफ्टवेअर बाजारात आणलं. १९९८ मध्ये नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्कोने सेल्सियस नावाची छोटी कंपनी साडेचौदा कोटी डॉलरना घेतली. आयपी फोनवर, म्हणजे संगणकाच्या नेटवर्कवरून बोलणाऱ्या फोनवर, चालणारी तिची यंत्रणा हीच पुढे सिस्कोच्या कॉलमॅनेजरचा, म्हणजे ऑफिसचे फोन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, पाया ठरली. (चेहरा बघत बोलण्याची हौस त्याहून जुनी. एटी अँड टीने १९७० मध्ये पिट्सबर्गमध्ये पिक्चरफोन विकायला काढला होता, महिना १६० डॉलर. फारसा कुणी घेतला नाही.)

परदेशातल्या कंपन्यांना आयपी फोनची भुरळ पडण्याचं कारण सोपं होतं. शाखांना जोडणारी लीज्ड लाइन (भाड्याने घेतलेली खास लाइन) आहेच, तिचं भाडं भरतोच आहोत, मग आवाजही तिच्यावरूनच पाठवू. लांब पल्ल्याचं बिल वाचतं. दूरसंचार खात्याच्या लेखी मात्र ही महसुलाची चोरी. तिचं नाव ‘टोल बायपास’.

भारतात १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली, पण हातचं राखून. संगणकावरून संगणकावर बोला, संगणकावरून परदेशातल्या फोनवर बोला. देशातल्या देशात संगणकावरून साध्या फोनवर मात्र नाही. कंपन्यांनाही तोच दंडक. खासगी नेटवर्कवर आपसात हवं तेवढं बोला, पण ते नेटवर्क आणि सार्वजनिक टेलिफोनचं, म्हणजे साध्या लँडलाइन-मोबाइलचं, जाळं यांची गाठ पडता कामा नये.

प्रत्यक्षात याचा अर्थ काय व्हायचा? पुण्याच्या ऑफिसात आयपी फोन बसवलेत. पुण्याचा माणूस दिल्लीच्या सहकाऱ्याशी लीज्ड लाइनवरून बोलतो, कायदेशीर. पुण्याचा ग्राहक ऑफिसच्या लँडलाइनवर फोन करतो, तेही कायदेशीर. आता ग्राहक म्हणाला, “जरा दिल्लीच्या अकाउंट्सला जोडून द्या.” इथे अडलं. बाहेरून आलेला कॉल कंपनीच्या नेटवर्कवरून दिल्लीला गेला की एसटीडीचे पैसे बुडाले. म्हणून ट्रान्सफर बंद, कॉन्फरन्सही बंद. रिसेप्शनवरून एकच उत्तर: “तुम्ही दिल्लीच्या नंबरवर लावून बघा ना.” सिस्कोने तर आपल्या यंत्रणेच्या ७.१ आवृत्तीपासून ‘लॉजिकल पार्टिशनिंग’ नावाची सोय दिली आणि तिच्या माहितीपुस्तिकेत उदाहरण म्हणून भारताच्या नियमांचंच नाव होतं. प्रत्येक फोन आणि प्रत्येक गेटवे (बाहेरच्या लाइनशी जोडणारं यंत्र) कुठल्या जागेत आहे ते भरायचं, मग कुणाचा कॉल कुणाशी जुळू द्यायचा नाही याचा तक्ता मांडायचा. एकत्र आणण्यासाठी विकत घेतलेली यंत्रणा वेगळी ठेवण्यासाठी इंजिनियर दिवसचे दिवस खपायचे. ही कसरत नको म्हणून अनेकांनी सरळ दोन फोन ठेवले: एक आतला, एक बाहेरचा.

गंमत अशी की ज्या पैशांसाठी हा बंदोबस्त, ते पैसेच आटले. लांब पल्ल्याची सेवा खासगी कंपन्यांना खुली झाली, स्पर्धा आली आणि १ मार्च २००६ पासून ‘वन इंडिया’ योजनेत देशभर कुठेही मिनिटाला एक रुपया झाला. राखायचा महसूल उरला नाही, नियम मात्र राहिला. माझ्या मते यूसीच्या भारतातल्या वाटचालीत सगळ्यात महाग पडलेली वर्षं हीच. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये ऑफिस कम्युनिकेशन्स सर्व्हर आणला, मग ‘लिंक’ (Lync), मग स्काइप फॉर बिझनेस. इथल्या ऑफिसांत या सगळ्यांचा उपयोग मुख्यतः चॅटपुरता आणि समोरचा जागेवर आहे की नाही ते सांगणाऱ्या हिरव्या ठिपक्यापुरता.

तोवर कर्मचाऱ्यांनी आपली वाट काढली होती. टेबलावरचा फोन मुका पडला आणि कामं मोबाइलवर गेली. २०१५ मध्ये व्हॉट्सॲपवरून बोलताही यायला लागलं. सार्वजनिक टेलिफोनच्या जाळ्याला त्याचा स्पर्शच नाही, त्यामुळे या नियमांच्या कचाट्यात ते सापडलंच नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटाचीही काटकसर संपली. कुठल्याही आयटी विभागाने न निवडलेलं हे साधन देशातलं सगळ्यात मोठं ऑफिस-नेटवर्क होऊन बसलं. जोखीम कळायला २०१७ उजाडलं: काही नामांकित कंपन्यांच्या तिमाही निकालांचे आकडे जाहीर होण्याआधीच व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरल्याचं समोर आलं आणि सेबीने चौकशी सुरू केली.

नियमांची खरी परीक्षा मार्च २०२० मध्ये झाली. कॉल सेंटर आणि बीपीओंना दूरसंचार खात्याकडे ‘अदर सर्व्हिस प्रोव्हायडर’, म्हणजे ओएसपी, म्हणून नोंदणी करावी लागे. एजंटला घरून काम द्यायचं तर एक कोटी रुपयांपर्यंतची अनामत, वेगळा करार आणि टेलिकॉम कंपनीनेच पुरवलेलं व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी. अशाने घरून काम कोण देणार? १३ मार्चला खात्याने या अटी तात्पुरत्या शिथिल केल्या. आठवड्याभरात महाराष्ट्र सरकारने मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपुरातली ऑफिसं बंद करायला सांगितली, आणि २५ तारखेपासून देशच बंद झाला. डेस्कटॉप टेम्पोत घालून कर्मचाऱ्यांच्या घरी पोचवले गेले ते याच दिवसांत.

पुढचं सगळ्यांना आठवत असेल. डिसेंबर २०१९ मध्ये झूमच्या मीटिंगांत रोज फार तर एक कोटी जण असत, तो आकडा एप्रिलमध्ये तीस कोटींवर गेला. त्याच महिन्यात केंद्रीय गृह मंत्रालयाने झूम सुरक्षित नसल्याचा इशारा दिला, तरी वापर थांबला नाही. आधीपासून मायक्रोसॉफ्ट ३६५ घेतलेल्या कंपन्यांना टीम्स त्यातच मिळत होतं, म्हणून त्या तिकडे वळल्या. निवड अशी फारशी झालीच नाही. १५ जुलैला रिलायन्सची वार्षिक सर्वसाधारण सभा पहिल्यांदाच ऑनलाइन झाली, त्यांच्याच जिओमीटवर.

तात्पुरती सवलत मग कायम झाली. ५ नोव्हेंबर २०२० च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी ओएसपींची नोंदणी आणि बँक गॅरंटी काढून टाकली. २३ जून २०२१ ला देशी-परदेशी कॉल सेंटर हा भेदही गेला आणि ईपीएबीएक्स जगात कुठेही ठेवायला मुभा मिळाली. साध्या नंबरावर इंटरनेटवरून कॉल करू देण्याचा मार्ग परवानाधारक टेलिकॉम कंपन्यांसाठी २०१८ मध्येच मोकळा झाला होता. बीएसएनएलची ‘विंग्ज’ ही तशी सेवा त्यातूनच आली. १८८५ च्या कायद्याची जागा घेणारा दूरसंचार कायदा २०२३ मध्ये संसदेत मंजूर झाला आणि जून २०२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला.

आता कॉल जवळजवळ फुकट असताना कंपन्या झूमसारख्या इंटरनेटवरच्या, म्हणजे क्लाउड, फोनसाठी पैसे का मोजतात, हा प्रश्न रास्त आहे. कारण विक्रीवाल्याचा स्वतःचा मोबाइल नंबर. ग्राहक वर्षानुवर्षं त्याच नंबरावर बोलतात, तो नोकरी सोडतो आणि ग्राहक त्याच्याबरोबर जातात. काय बोलणं झालं होतं याची नोंदही मागे राहत नाही. पुण्या-ठाण्याच्या मध्यम उद्योगांत या सेवा विकणारे बचतीचा मुद्दा हल्ली काढतच नाहीत, नंबर कंपनीच्या मालकीचा राहील एवढंच सांगतात. बँकांच्या बाबतीत तर आता नियमच उलट्या दिशेने ढकलतोय: जानेवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की ग्राहकांना व्यवहाराचे आणि सेवेचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरूनच करा, जाहिरातीचे १४० वरून. शाखेतल्या माणसाने स्वतःच्या मोबाइलवरून कर्जदाराला फोन लावायची पद्धत त्यात बसत नाही.