फाइल आवळली जाते म्हणजे नेमके काय होते?

मजकुराची फाइल झिप केली की ती सहसा निम्म्याहून लहान होते. फोटोंचे फोल्डर झिप केले तर आकार जवळपास तेवढाच राहतो. प्रोग्रॅम एकच, सेटिंगही तेच, मग फरक कुठून येतो? तो फाइलमध्ये पुनरावृत्ती किती आहे यावरून येतो. कॉम्प्रेशन, म्हणजे फाइल आवळणे, पुनरावृत्तीवर जगते, आणि ती नसेल तिथे त्याचे काहीही चालत नाही.

झिप फाइलींमध्ये सर्रास वापरली जाणारी पद्धत म्हणजे डिफ्लेट. तिचे दोन टप्पे आहेत. पहिला टप्पा अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव्ह यांनी १९७७ साली मांडलेल्या कल्पनेवर उभा आहे: आधी येऊन गेलेला तुकडा पुन्हा आला तर तो पुन्हा लिहायचा नाही, फक्त 'इतके मागे जा आणि इतके बाइट उचल' एवढीच खूण ठेवायची.

'कटकटकटकट' हा शब्द घ्या. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट खाते. 'क' म्हणजे २२४, १६४, १४९ आणि 'ट' म्हणजे २२४, १६४, १५९. आठ अक्षरांचे २४ बाइट झाले. प्रोग्रॅम पहिले 'कट' जसेच्या तसे लिहितो, म्हणजे ६ बाइट. 'ट'चे पहिले दोन बाइट 'क'सारखेच आहेत, पण डिफ्लेट ३ बाइटांपेक्षा लहान जुळणी धरत नाही, म्हणून तेही लिहावे लागतात. उरलेल्या १८ बाइटांसाठी एकच खूण पुरते: ६ मागे जा, १८ उचल. मागे ६ बाइटच असताना १८ कसे उचलणार? एकेक बाइट उचलत पुढे लिहीत गेले की नुकतेच लिहिलेले बाइट पुढच्या उचलीला मिळत राहतात. या पद्धतीतली सर्वांत देखणी युक्ती हीच.

मागे पाहण्याला मर्यादा आहे. डिफ्लेट ३२,७६८ बाइटांपलीकडे पाहत नाही आणि एका खुणेत जास्तीत जास्त २५८ बाइट उचलते. त्यामुळे पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणातला परिच्छेद दहाव्यात जसाच्या तसा आला तरी झिपला त्याचा पत्ता नसतो.

दुसरा टप्पा एमआयटीचे विद्यार्थी असताना डेव्हिड हफमन यांनी शोधलेल्या आणि १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीचा. वारंवार येणाऱ्या चिन्हाला कमी बिटांचा (बिट म्हणजे ० किंवा १, आठ बिटांचा एक बाइट) संकेत द्यायचा, क्वचित येणाऱ्याला जास्त बिटांचा. मराठी मजकुराला इथे चांगलाच फायदा होतो. प्रत्येक देवनागरी चिन्हाचा पहिला बाइट २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५ असतो, म्हणजे एका चिन्हाच्या तीन बाइटांपैकी खरी माहिती बहुतांशी शेवटच्या बाइटात असते. साध्या फाइलीत मराठी मजकूर जागा खातो खरा, पण झिपमध्ये त्यातली बरीच जागा परत मिळते.

आता फोटो. जेपेग या फोटोंच्या नेहमीच्या फाइल-प्रकारात चित्राची माहिती आधीच आवळलेली असते, हफमनची पद्धत त्यातही वापरलेली असते. एमपी४ आणि एमपी३ची तीच गत. पुनरावृत्ती आधीच निघून गेल्यामुळे उरलेल्या बाइटांत कोणताही क्रम दिसत नाही. अशा वेळी डिफ्लेट तो भाग न आवळता तसाच ठेवते, म्हणून झिपचा आकार मूळ फाइलीहून किंचित मोठाही होतो. यावर कोणताही प्रोग्रॅम मात करू शकत नाही, आणि त्याचे कारण निव्वळ मोजणीचे आहे: १० बिटांच्या १,०२४ वेगवेगळ्या फाइली संभवतात, त्याहून लहान फाइली मात्र शून्य बिटांची धरूनही १,०२३च. सगळ्या लहान होणे अशक्य. 'कोणतीही फाइल हमखास निम्मी करतो' अशी जाहिरात दिसली की पुढे वाचायची गरज नाही. फोटो-व्हिडिओ एकत्र बांधायचे असतील तर सेव्हन-झिप या प्रोग्रॅममध्ये कॉम्प्रेशनची पातळी 'स्टोअर' (न आवळता ठेवणे) ठेवावी. 'अल्ट्रा' ही सर्वांत वरची पातळी निवडून फक्त वेळ जातो.

झिप प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे आवळते. सारख्याच धाटणीच्या शेकडो छोट्या फाइली असतील तर त्यांच्यातले साम्य वाया जाते. सेव्हन-झिपचा स्वतःचा सेव्हन-झेड हा फाइल-प्रकार त्या एकापाठोपाठ एक जोडून सलग आवळू शकतो, शिवाय त्याची मागे पाहण्याची कक्षा अनेक मेगाबाइटांची असते. फायदा मोठा, पण किंमतही आहे. सलग भागात मध्येच बिघाड झाला तर त्यापुढच्या फाइलीही सहसा हातच्या जातात. झिपमध्ये तेवढी एकच फाइल बिघडते. म्हणून वर्षानुवर्षे ठेवायच्या बॅकअपला झिप बरी, पाठवण्यासाठी सेव्हन-झेड.

झिपची अनुक्रमणिका फाइलीच्या शेवटी असते. त्यामुळे डाउनलोड ९९ टक्क्यांवर तुटले तरी बरेचदा 'ही आर्काइव्ह नाही', म्हणजे ही झिप फाइलच नाही, अशा अर्थाचा संदेश येतो. आतला बहुतेक मजकूर शाबूत असतो, नाहीशी झालेली असते ती यादी. पुन्हा डाउनलोड करणे सर्वांत सोपे. ते शक्य नसेल तर दुरुस्तीची साधने प्रत्येक फाइलीच्या आधी असलेली छोटी नोंद वाचून बरेच काही परत काढू शकतात. 'सीआरसी एरर' हा वेगळा आजार. प्रत्येक फाइलीसोबत ३२ बिटांची पडताळणी संख्या साठवलेली असते. उलगडल्यावर ती जुळली नाही तर आतले बाइटच बदललेले आहेत. मूळ फाइली पुसण्याआधी 'टेस्ट' बटण दाबून घ्यावे, कारण हीच पडताळणी तिथे होते.

पासवर्डबाबत एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये सहसा फाइलींची नावे उघडीच राहतात. 'राजीनामा' नावाची फाइल आत असेल तर पासवर्ड नसलेल्यालाही ते नाव वाचता येते. शिवाय झिपचे जुने 'झिपक्रिप्टो' कुलूप कमकुवत आहे: आतल्या एखाद्या फाइलीचा थोडासा मजकूर आधीच माहीत असेल तर ते फोडता येते. त्याऐवजी एईएस-२५६ हे मजबूत कुलूप निवडावे, आणि नावेही लपवायची असतील तर सेव्हन-झेड घेऊन फाइलींची नावे एन्क्रिप्ट करण्याच्या पर्यायावर खूण करावी.